वकारभाई, स्कॅनर कोणता घेऊ?

उंद्री, ता. चिखली
१२ जानेवारी २०२५

वकारभाई, सलाम.

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. फोन केला की तू 'गोदामात आहे' म्हणून ठेवून देतोस आणि व्हॉट्सॲपवर वाचून गप्प बसतोस. शिवाय मी दिवसभर दुकानात अब्बांच्या शेजारी असते, बोललेलं सगळं त्यांच्या कानावर जातं. उर्दूत लिहिलं तर ते वाचतील. म्हणून मराठीत लिहिते. अब्बांनी सारी उमर या गावात मराठीतून धंदा केला, पण मराठी अक्षराच्या वाटेला गेले नाहीत. आपण दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो त्याचा हा एक फायदा.

काम असं आहे की मला दुकानासाठी बारकोडचा स्कॅनर घ्यायचा आहे. पुड्यावरच्या काळ्या रेघा वाचून वस्तू आणि किंमत कॉम्प्युटरवर आणतो, तोच. महनूरभाभी मागे म्हणाल्या होत्या की चाकणच्या गोदामात तुझ्या हातात दिवसभर तेच असतं. या घरात त्यातलं कळणारा तू एकटा, म्हणून तुला विचारते. दुसरं कारण शोधत बसू नकोस.

तुला काय आठवणार तेही मला माहीत आहे. तू हौसेनं दुकानात कॉम्प्युटर आणलास आणि अब्बांनी त्यावर चादर टाकून टोस्टच्या पिशव्या रचल्या. वर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "माझं डोकं हाच कॉम्प्युटर." तू त्याच आठवड्यात पुण्याची गाडी धरलीस, आणि तेव्हापासून ईदलासुद्धा आला नाहीस. ते भांडण तुम्हा बापलेकांचं. मी तेव्हाही त्यात नव्हते, आताही नाही.

मला एवढंच सांग. बंदुकीसारखा हातात धरायचा घ्यावा की टेबलावर बसवायचा? वायरचा की बिनवायरचा? फोनवरचं ॲप वापरून बघितलं. एक-दोन गिऱ्हाइकं असली तर चालतं. पण सकाळी शाळा भरायच्या वेळी पोरं बिस्किटांसाठी उभी राहतात, तेव्हा कॅमेरा एकेका पुड्यावर डोळे बारीक करून बघत बसतो, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो.

अब्बा बरे आहेत. यंदा थंडी फार, म्हणून दुकानात जरा उशिरा येतात.

तुझी
गौसिया

उंद्री
२ फेब्रुवारी २०२५

वकारभाई, सलाम.

तुझा मेसेज मिळाला. "बंदूकवाला घे. वायरलेस. टू-डी. स्वस्तातला नको. अब्बा फेकून देतील." इतक्या दिवसांनी भावाचा निरोप यावा आणि तो तारेसारखा यावा. तरी आला, याचं मला बरं वाटलं.

मी चिखलीला कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन दोन्ही प्रकार हातात घेतले. साधा लेझरवाला लाल रेघ मारतो. रेघ पट्ट्यांवर बरोबर आडवी बसली तरच वाचतो. चिप्सचा पुडा चुरगळलेला असला की तो आंधळा. चौकोनी ठिपक्यांचा कोड त्याला येत नाही, फोनच्या काचेवरचा तर मुळीच नाही. टू-डीवाला मात्र फोटो काढल्यासारखं वाचतो. पुडा उलटा धरा, तिरका धरा, कुरकुरत नाही. टू-डी घ्यायचा, हे तुझं म्हणणं मान्य.

वायरलेस मात्र मान्य नाही. तुझ्या गोदामात खोकी जागेवर असतात आणि माणूस त्यांच्याकडे जातो. आपल्याकडे माणूस गल्ल्यावर बसतो आणि पुडा त्याच्याकडे येतो. बिनवायरची वस्तू आपल्या दुकानात संध्याकाळपर्यंत साखरेच्या पोत्यामागे सापडेल, तीही चार्जिंग उतरलेली. तुला तराजूची वजनं आठवत असतील. अम्मी होती तोवर ती शोधून द्यायची.

बंदूकही नको. अब्बांना सोबत नेलं होतं. उजव्या हातानं त्यांना तो खटका नीट दाबता येईना, डाव्या हातात घेतला तर रेघ पुडा सोडून दुकानदाराच्या पोटावर फिरत राहिली. दुकानदार हसला, अब्बाही हसले, पण परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणून मी टेबलावरचा घ्यायचं ठरवलं आहे. चौकोनी डबा असतो, त्याला काच असते. पुडा काचेसमोरून न्यायचा, बस. कुठल्याही हातानं जमतं. चिखलीत तो मिळत नाही, बुलढाण्याला बघते. तुझं मत वेगळं असेल तर कारणासकट लिही. नुसतं 'बंदूकवाला घे' म्हणशील तर मी ऐकणार नाही.

तुझी
गौसिया

उंद्री
१६ फेब्रुवारी २०२५

वकारभाई,

तू विचारलंस, "अब्बांच्या उजव्या हाताला काय झालं?" स्कॅनरबद्दल एक शब्द नाही.

अब्बांनी मला शपथ घातली होती. "वकारला कळवलंस तर दुकानाची किल्ली विहिरीत टाकीन," म्हणाले होते. ती शपथ मी आज मोडते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. किल्ली माझ्याकडेच असते.

दिवाळीनंतर एका सकाळी शटर उघडताना त्यांचा हात खाली आला तो वर गेलाच नाही. पंजाबराव तेव्हा नेमके दुकानासमोर होते, मळ्यातून भाजी घेऊन चिखलीला निघालेले. त्यांनी भाजी आपल्या ओट्यावर उतरवली आणि अब्बांना त्याच गाडीत घालून बुलढाण्याला नेलं. मेंदूला झटका आला होता, लहान होता. वेळेत पोचलो. आता पाय बरा आहे, जीभ सरळ आहे, माणसं ओळखतात, कुणाच्या घरी कोणता चहा जातो तेही आठवतं. उजव्या हाताची बोटं थोडी सुस्त झालीत.

पण हिशोब गेला, भाई.

मला ते लगेच कळलं नाही. एक दिवस त्यांनी साबणाचा पुडा माझ्यापुढे धरून हळूच विचारलं, "बेटी, ये तीन है के आठ?" मला वाटलं चष्मा बदलायचा झाला. तो चष्मा नव्हता. आकडा त्यांना दिसतो, पण तो काय आहे ते सांगता येत नाही. दोन वस्तूंची बेरीज करायला बसले की मधेच हरवतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या ज्या कोपऱ्यात हिशोब राहतो, नेमकी तिथंच इजा झाली. थोडं सुधारेल, पहिल्यासारखं होईलच असं नाही. माझं डोकं हाच कॉम्प्युटर म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी शेजारी उभी होते. त्यांनी डॉक्टरांना फक्त 'शुक्रिया' म्हटलं.

मग ते गिऱ्हाइकालाच विचारू लागले, "तूच सांग बाबा, किती झाले?" हसत विचारायचे, जसं काही गंमतच. लोक खरा आकडा सांगायचे, बहुतेक. पण एकदा पंजाबराव, ज्यांनी जीव वाचवला तेच, भर गर्दीत बोलून गेले, "फारुखभाई, तेलाच्या पुड्याचे पैसे साबणाएवढे काऊन घेऊन राह्यले तुम्ही?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. अब्बा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी चिखलीच्या एका व्यापाऱ्याला फोन लावायला लावला मला. तो केव्हापासून ही जागा भाड्यानं मागत होता. त्याला म्हणाले, ईद झाली की दुकान घ्या.

तुला वाटेल, मग बरंच झालं की, म्हातारपणी आराम. मलाही कुणी कुणी तेच सांगितलं. पण मी त्यांना घरात बघितलंय. दुकान बंद असतं त्या दिवशी ते कपाटातले डबे काढून पुन्हा रचतात, मोठ्यांमागे लहान, दुकानात रचतात तसे. ज्याला घरात दुकान मांडावं लागतं त्याला आराम कसा देणार? मी त्यांना म्हटलं, ईदपर्यंत वेळ आहे ना, मला एक यंत्र आणून बघू द्या. ते म्हणाले, "अब मशीन मेरेकू सिखाएगी?"

ते मानले ते माझ्यामुळे नाही, झुंबरबाईमुळे. तीच, वेशीजवळची, अम्मीची मैत्रीण. चहापत्ती आणि गूळ न्यायला आली होती. अब्बा पुडा हातात धरून नुसते बसलेले. तिनं काही वेळ बघितलं आणि ओट्यावरच टेकली.

"फारुखभाऊ," ती म्हणाली, "मले कुठं वाचता येते? पुड्यावर काय लिवलं हाये ते म्या जिंदगीत पाह्यलं नाही. तुम्ही भाव सांगतला, म्या आयकला. माह्यं काय कमी झालं? आता यंत्र सांगन, तं तुम्ही आयका."

अब्बांनी तिचा गूळ नेहमीपेक्षा जास्त बांधून दिला. संध्याकाळी शटर ओढताना मला विचारलं, "वो मशीन बोलती क्या?"

स्कॅनर बोलत नाही, हे तुला माहीत आहे. पण कॉम्प्युटरला बोलता येतं. मी म्हटलं, बोलेल.

आता तुला सगळं माहीत झालं. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, ये असंही नाही. 'तो येईल, पण कीव करायला येईल,' असं अब्बा म्हणतात. कीव असेल तर ती तिकडेच ठेव. सल्ला असेल तर पाठव.

गौसिया

उंद्री
९ मार्च २०२५

वकारभाई, सलाम. रमजान मुबारक.

स्कॅनर आला. रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात मी बुलढाण्याला गेले होते. जाताना आपल्या दुकानातला माल पिशवी भरून नेला. साबण, चुरगळलेले चिप्स, शाम्पूची गोल बाटली, अगरबत्तीचा बारीक पुडा, आणि झाकणावरची छपाई पुसट झालेला लोणच्याचा डबा. दुकानदार म्हणाला, "ताई, यंत्र चालू आहे, इथं आमच्याकडे एक पुडा आहे, बघून घ्या." मी म्हटलं, "तुमचा पुडा सरळ आहे. आमच्याकडे सरळ पुडे उतरत नाहीत." आणि काउंटरवर माझं दुकान मांडलं. मागे उभी असलेली माणसंही बघायला लागली.

पहिला स्कॅनर गोल बाटलीवर अडला. दुसरा त्याहून थोडा महाग, तो सगळं वाचून गेला, लोणचंसुद्धा, जरा फिरवून धरल्यावर. आवाज कमी-जास्त करता येतो का, बिघडला तर माणूस चिखलीपर्यंत येईल की मला बुलढाण्याला यावं लागेल, वॉरंटीच्या कागदावर शिक्का कोण मारणार, सगळं विचारलं. शेवटी दुकानदारानं चहा मागवला आणि विचारलं, "ताई, तुमचा किती मोठा मॉल आहे?" मी म्हटलं, उंद्रीत आहे, या कधी.

तुझाच तो चादरीखालचा कॉम्प्युटर बसवायला चिखलीहून पूनम आली, कॉम्प्युटर क्लास चालवते ती. बिलाचा प्रोग्राम तिनं टाकला आणि किंमत मराठीतून मोठ्यानं बोलेल अशी सोय केली. सुट्या डाळी, शेंगदाणे, पोहे मी आधीच किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून ठेवते, त्यांच्यासाठी आमच्या बारकोडची चिकट चिठ्ठी छापली. पिशवीवर ती सुरकुतते, म्हणून गाठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर चिकटवली. हे मला सुचलं, पूनमला नाही. लिहायला काय हरकत आहे.

पूनम गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र रुसलं. पुडा दाखवला की पीं करतं, पण पडद्यावर 'वस्तू सापडली नाही'. दहा पुडे दाखवले, तेच. ओट्यावर माणसं उभी. अब्बा डाव्या हातात बिस्किटाचा पुडा धरून काचेसमोर तसेच थांबले, जसं काही चूक त्यांच्या हाताची आहे. पूनमचा फोन लागेना. मग तुला पडद्याचा फोटो पाठवला. लिहिलं काही नाही.

तुझा आवाजी निरोप आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून फोन काउंटरवर ठेवून तसाच लावला. भर दुकानात तू बोललास.

"गौसिया, मशीन खराब नाही. स्कॅनर म्हणजे कीबोर्डच समज, आकडे टाईप करून देतो. तू वस्तूंची नावं मराठीत लिहिलीस आणि भाषा मराठीवरच ठेवलीस, म्हणून कोड मराठी आकड्यांत उमटतोय. खाली कोपऱ्यात बघ, इंग्रजी कर. घाबरू नको."

मी भाषा बदलली. अब्बांच्या हातातला पुडा अजून काचेसमोरच होता. पीं वाजलं आणि कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली, "दहा रुपये." ओट्यावर कुणीतरी टाळी वाजवली.

अब्बांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या फोनकडे बघत होते. म्हणाले, "फिर से लगा. समझा नै."

मी पुन्हा लावला. यंत्र चालू झालेलं त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी पूर्ण ऐकला, आणि संपल्यावर म्हणाले, "आवाज भारी झाला त्याचा." मग पुढच्या गिऱ्हाइकाचा साबण घेतला.

तुझा बंदूकवाल्याचा सल्ला मी ऐकला नाही. पण भाषेचं तू सांगितलंस तेव्हा दुकान वाचलं. हिशोब फिटला.

तुझी
गौसिया

उंद्री
६ एप्रिल २०२५

वकारभाई, सलाम.

ईदला तू आला नाहीस. महनूरभाभीनं सांगितलं, सुटी मिळाली नाही. मिळाली नसेल. शीरखुर्मा मी केला होता, अम्मीसारखा झाला नाही, पण झुंबरबाईनं दोन वाट्या खाल्ल्या.

दुकानाचं सांगते. सगळं सोपं झालं असं नाही. वीज गेली की यंत्रही मुकं होतं, मग अब्बा पुडा माझ्याकडे सरकवतात आणि मी वाचते. इन्व्हर्टरचं बघते आहे. परत द्यायचे पैसे मीच मोजते. नोटा मात्र अब्बा रंगावरून ओळखतात, त्यात अजून चूक नाही. आणि पुडा उचलायचा, काचेसमोरून न्यायचा, ऐकायचं, गिऱ्हाइकाकडे बघायचं, हे त्यांना इतकं जमलंय की माझ्याहून त्यांचा हात जलद चालतो. कॉम्प्युटरमधल्या बाईनं किंमत सांगितली की ते मागून तीच किंमत स्वतःच्या तोंडानं म्हणतात. गिऱ्हाइकाला भाव दुकानदारानं सांगायचा असतो, यंत्रानं नाही, असं त्यांचं म्हणणं. पंजाबराव परवा म्हणाले, "आता फसवता येत नाही तुमाले." अब्बा म्हणाले, "पहले येता था क्या?" दोघंही हसले. त्या गर्दीतल्या दिवसानंतर पंजाबराव ओट्यावर बसले ते पहिल्यांदाच.

ईदनंतर ठरल्याप्रमाणे चिखलीचे व्यापारी आले. सोबत टेप घेऊन एक माणूस, जागा मोजायला. मी आत उभी राहून ऐकत होते. मध्ये बोलायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि ते किती अवघड असतं ते तुला सांगायला नको. अब्बांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं लागोपाठ आली. अब्बांनी तिघांचा माल काचेसमोरून नेला, तिघांना भाव सांगितला, तिघांच्या घरचं विचारलं. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "सेठ, माझा शब्द चुकला. दुकान देणार नाही. तुम्हाला आणलं त्याची माफी मागतो."

व्यापारी चहा पूर्ण प्यायले, भल्या माणसासारखे. जाताना यंत्राची काच वाकून बघितली आणि मला विचारलं, हे कुठून आणलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ईदच्या दुपारी अब्बा मागच्या खोलीत त्यांचा फोन घेऊन बसले होते. मी पाणी द्यायला गेले. ते काचेवर एकेक आकडा दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते. फोन लागला. पलीकडे कुणी अनोळखी बाई. अब्बा म्हणाले, "माफ करना बेटी, ईद मुबारक," आणि ठेवला. मग पुन्हा दाबायला लागले. मी विचारलं, कुणाला लावताय? म्हणाले, "वकारचा नंबर तोंडपाठ होता मला. डोक्यात आहे. बोटात येत नाही."

मी म्हटलं, द्या इकडे, मी लावून देते.

"नको. बाप मी आहे. माझा मी लावीन."

दुकानाचं शटर उचलताना हात पडला तेव्हाही ते असं बोलले नव्हते.

मी त्यांच्या फोनवर तुझा फोटो बसवला आहे. निकाहचा नाही, त्यात तू फार गंभीर आहेस. दुकानाच्या ओट्यावर बसून शेंगा खातोस तो. त्या फोटोवर बोट ठेवलं की तुला फोन लागतो, आकडा लागत नाही. त्याच्या शेजारी माझा फोटो ठेवला. माझ्यावर त्यांनी बरेच वेळा बोट ठेवून बघितलं. मी गल्ल्यावर असते आणि आतून फोन येतो, "गौसिया? बराबर लगा." तुझ्यावर अजून ठेवलं नाही. पण काल फोनची काच सदऱ्यानं पुसत बसले होते.

म्हणून सांगते. गोदामात असलास तरी उचल. तुझा साहेब ओरडला तर मी त्याच्याशी बोलीन, मला आता मोठ्या दुकानदारांशी बोलायची सवय झाली आहे. अब्बा माफी मागणार नाहीत, कसा आहेस असंही विचारतील की नाही कोण जाणे. ते म्हणतील, स्कॅनर बिघडला आहे, तू येऊन बघून जा.

तो बिघडलेला नाही. तरी तू विचार, काय झालं.

तुझी
गौसिया